म्हाताऱ्या निवडुंगाचं निमित्त

भाऊकाका, तुम्ही गेल्यावर तेरा दिवस तुमच्या निवडुंगाकडे घरातल्या कुणीही पाहिलं नाही, आणि त्याचं काही एक बिघडलं नाही. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण आपलं भांडण त्याच्यावरच येऊन थांबलं होतं. भोपाळच्या नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी मी म्हणाले, "मी गेले तर म्हाताऱ्याला कोण बघणार?" तुम्ही म्हणालात, "सुमी, त्याचं निमित्त करू नकोस." मग मी जे बोलू नये ते बोलले. तुम्ही वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलंत. त्यानंतर चारच दिवस होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तुम्ही कसे गेलात ते मी लिहिणार नाही. भेटायला येणारे सगळे तेवढंच विचारतात आणि काकू तेवढंच सांगते. माझ्यापुढे दुसरी गोष्ट आहे. भोपाळला महिनाअखेरपर्यंत उत्तर कळवायचं होतं, जाते की नाही. तुम्हालाही तेच उत्तर द्यायचं राहिलं आहे.

म्हातारा घरी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. स्वातंत्र्याचं वर्ष होतं. मी अकरा वर्षांची. बाबांची स्टेशनमास्तरकी लहान लहान गावांत फिरत होती, म्हणून मी शाळेसाठी तुमच्याकडे माधव नगरात राहत होते. तुम्ही रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. रतलामचे एक गोरे साहेब बायकामुलांसकट विलायतेला परत निघाले होते आणि जाताना सामान वाटत होते. तुम्ही सकाळच्या गाडीनं रतलामला गेलात आणि संध्याकाळी छातीशी एक बिस्किटांचा डबा, त्यावर तुमचं उपरणं, असे टांग्यातून उतरलात. उपरण्यातून पांढरे केस बाहेर आले होते.

"काय हे? ससा?" काकू दारातूनच म्हणाली.

"गाडीत पण सगळे हेच विचारत होते," तुम्ही म्हणालात. "एक बाई तर म्हणाली, भाईसाब, बच्चे का मुँह तो खोल दो, दम घुटेगा."

उपरणं काढलं. आत वीतभर उंचीचा एक खुंट होता आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत पांढरेशुभ्र लांब केस. मी हात लावायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत आणि स्वतःचा अंगठा दाखवलात. केसांच्या आत काटे होते.

"लोकांनी खुर्च्या आणल्या, घड्याळ आणलं," काकू म्हणाली. "शेजारच्या बाबूंनी ग्रामोफोन आणला. तुम्ही तर काटे घेऊन आलात. घरात काटेरी झाड ठेवलं की भांडणं लागतात, माहीत आहे ना?"

"आपल्याकडे आधीपासून आहेत. त्यांना सोबत होईल."

डब्याबरोबर साहेबाच्या हातचा एक कागद होता, इंग्रजीत. तुम्हाला मालाच्या पावत्यांपुरतं इंग्रजी येत होतं, पण साहेबाचं अक्षर वळणदार होतं. तुम्ही कागद माझ्या हातात दिलात. भाऊकाका, माझं तेव्हा काय चाललं होतं ते तुम्हाला कळत होतं का, मी कधी विचारलं नाही. शाळेत सगळं इंग्रजीत आणि मी मागच्या बाकावर. घरी मराठी बोलायला गेले की सुट्टीत येणारी चुलतभावंडं हसायची, मडमेसारखं बोलते म्हणून. गल्लीत हिंदी. मी तिन्ही ठिकाणी गप्प राहायला शिकले होते आणि मला ते बरं वाटायला लागलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या इंग्रजीची खरोखर गरज पडली. मी वाचलं: मेक्सिको देशातलं वाळवंटी झाड. जातीचं नावच म्हातारा निवडुंग. भरपूर ऊन. उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाणी, हिवाळ्यात जवळजवळ नाहीच. पावसात भिजू देऊ नये. केस मळले तर सौम्य साबणाच्या पाण्यानं धुवावेत आणि विंचरावेत.

"विंचरावेत?" काकू म्हणाली.

"असंच लिहिलंय," मी म्हणाले.

तुम्ही टकलावरून हात फिरवलात. "म्हणजे घरात एक फणी माझ्यासाठी आलीच."

पुढे घरात कुणीही आलं की तुम्ही म्हणायचात, "सुमी, साहेबाचा कागद वाच." पाहुणे चहा पीत असायचे आणि मी दारात उभी राहून वाचायची, आधी इंग्रजी, मग मराठी, कधी हिंदी. मला ते मुळीच आवडायचं नाही. एकदा तर मी कागद मुद्दाम डाळीच्या डब्यात लपवला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिला पाठ आहे. सुमी, म्हण." आणि मला पाठ होता. तुम्हालाही होता, हे मला फार उशिरा कळलं. एकदा तुम्ही झाडाशी एकटेच बसून माझ्याच सुरात तो पुटपुटत होतात. मग मला वाचायला का लावत होतात ते समजलं, माझं तोंड उघडावं म्हणून. तेव्हा मी राग धरला होता. आता तो सोडला आहे, एवढं इथं लिहून ठेवते.

केस धुण्याचा तो पहिला प्रसंग मात्र मला कुणी शंभर वेळा सांगायला लावला तरी मी सांगेन. माळव्यातली धूळ वर्षभरात म्हाताऱ्याच्या केसांत बसून तो तपकिरी झाला होता. नरकचतुर्दशीला घरातल्या सगळ्यांची तेलउटण्याची आंघोळ उरकली आणि तुम्ही जाहीर केलंत, "आता बुजुर्गांची." साबणावर तुमचा विश्वास नव्हता, रिठे उकळलेत. पाणी मुळाशी जाऊ नये म्हणून डब्याच्या तोंडाला जुनं धोतर बांधलंत, म्हाताऱ्याच्या गळ्याला न्हाव्यानं बांधावं तसं. मी तांब्या धरला. तुम्ही दाढीच्या ब्रशनं फेस केलात. समोरची तिवारींची अम्मा फुलं तोडत होती, ती फाटकाशी थांबली.

"अरे भैयाजी, सुबह-सुबह किसकी चोटी कर रहे हो?"

"अम्मा, ये हमारे घर के सबसे बड़े हैं. त्योहार पे नहलाना पड़ता है."

"इनका टीका भी करो फिर!" ती म्हणाली, आत गेली आणि खरंच हळदीकुंकू घेऊन आली. काकू आतून ओरडली, "काय तमाशा लावलाय!" पण ओवाळायला तीच तबक घेऊन बाहेर आली, कारण अम्मानं ओवाळलं आणि घरच्या बाईनं नाही, हे तिला चाललं नसतं. उन्हात वाळल्यावर म्हातारा इतका पांढरा झाला की गल्लीतली माणसं येऊन पाहून जात होती. त्या दिवशी त्यांना कागद मी कुणी न सांगताच वाचून दाखवला. तुम्ही मला तुमच्या ताटातला अनारसा दिलात.

आपली भांडणंही त्याच्यावरूनच. मी कागदाची बाजू घ्यायची. कागदात पंधरवडा म्हटलंय म्हणजे पंधरवडा. तुम्ही बोट मातीत खुपसायचात. "सुमी, कागदाला तहान लागत नाही." "काका, साहेब इतकी वर्षं ते झाड वाढवत होता." "रतलामला. इथं शिप्रेच्या काठची हवा आहे." ते भांडण दहा वर्षं चाललं आणि कुणी जिंकलं नाही, कारण म्हातारा दोन्ही पद्धतींनी जेमतेम बोटभर वाढला. आपण उंबऱ्यावरून न हलता आपला प्रांत दोनदा बदलला. आधी संस्थान, मग मध्य भारत, मग मध्य प्रदेश. तुम्ही म्हणायचात, "पत्रावरचा पत्ता बदलायला लागला, एवढं काम मी केलं. हा तर तेवढंही करत नाही."

मग तो पावसाळा. मी मॅट्रिकला होते. पावसात भिजू नये म्हणून म्हाताऱ्याला आपण परसदारच्या पडवीत, देवघराच्या दाराला लागून ठेवलं होतं. श्रावण संपत आला आणि मला तो एका बाजूला कललेला दिसला. मी केस बाजूला केले. बुंध्याचा रंग पिवळट होता आणि बोट लावलं तर आत गेलं. मी तुम्हाला हाक मारली ती अशी की काकू हातात झारा घेऊन धावत आली.

"पाणी जास्त झालंय," तुम्ही म्हणालात. "पण कुणी घातलं? मी नाही. तू?"

"मी नाही."

काकूनं झारा खाली ठेवला, पदरानं हात पुसले. दुपारी पानं वाढताना मात्र वरण वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "मी घालत होते."

देवांना रोज आंघोळ घातल्यावरचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ती तुळशीत घालायची. पावसात अंगणात घसरण, तुळशीपर्यंत जायचं तर चिखल. म्हातारा देवघराच्या दाराशीच. रोज एक तांब्या, सव्वा महिना.

"आणि अधिक मासापासून बघत होते मी," ती म्हणाली, आता तिचा आवाज चढला, "पंधरा पंधरा दिवस त्याला कुणी पाणी विचारत नाही. घरात कुणी उपाशी राहतं का? माझ्या घरात? मी म्हटलं, देवाचं पाणी आहे, त्यानं काय वाईट होणार आहे!"

मी रडायच्या बेतात होते. तुम्ही हसायला लागलात. आधी नाकातून, मग ठसका लागला, मग काकूनंच तुमच्या पाठीत थोपटलं. "अगं, तू त्याला देवाच्या आंघोळीनं सर्दी केलीस!" मग तीही हसली आणि मग रडली. त्या दिवशी वरण गार झालं.

जेवणानंतर तुम्ही काकूचीच भाजीची सुरी चुलीच्या निखाऱ्यावर धरलीत. म्हाताऱ्याला जुन्या पोत्यात आडवं निजवलं. मी केस धरून, तुम्ही बुंधा कापत. एक चकती, आतून तपकिरी. दुसरी, तपकिरी. तिसरी कापली तेव्हा तुम्ही मान दुसरीकडे वळवलीत आणि म्हणालात, "तू बघ." मी पाहिलं. हिरवट पांढरी, स्वच्छ. मी ओरडून सांगितलं. इतक्या मोठ्यानं मी त्या घरात त्याआधी कधी बोलले नव्हते. कापल्या जागेला हळद आणि कोळशाची पूड लावली. मग सुकायला महिनाभर तो फडताळात, काकूच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी आडवा. ती रोज त्याला बघायची आणि हात मागे बांधून परत फिरायची.

रुजवायला तुम्हाला शिप्रेचीच वाळू हवी होती. आपण दोघं पिशवी घेऊन राम घाटावर गेलो, पायऱ्या संपतात त्याच्या पुढं. तुम्ही वाकून वाळू चाळत होतात, चेहरा गंभीर. एक पंडा, घाटावर क्रियाकर्म करणारा भटजी, छत्रीखालून उठून आला.

"किसके नाम से, यजमान? कब शांत हुए?"

"अभी हुए नहीं," तुम्ही म्हणालात. "बचाने की कोशिश चल रही है."

त्याला वाटलं आपण वैद्याच्या सांगण्यावरून वाळू नेतोय. त्यानं हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाला, "महाकाल सब ठीक करेंगे. उमर कितनी है?" तुम्ही म्हणालात, "मालूम नहीं. केस मात्र सगळे पांढरे आहेत." अर्धं हिंदी, अर्धं मराठी. परतीच्या वाटेवर आपण देवास गेटपर्यंत हसत होतो. टांगेवाल्यानं विचारलं, काही शुभवर्तमान आहे का.

परवा बाबा राम घाटावरून तुमचं सगळं करून परत आले. मी अंगणात त्यांच्या पायांवर पाणी घालत होते आणि त्यांच्या बोटांमध्ये तीच बारीक, करडी वाळू दिसली. मला वाळू चाळताना वाकलेली तुमची पाठ आठवली. मी पाणी घालत राहिले, बाबा म्हणाले, "बस, सुमी, झाले स्वच्छ." मला थांबता आलं नाही.

म्हाताऱ्यानं मूळ धरलं ते फाल्गुनात. तुम्ही मालधक्क्यावर पेढे वाटलेत. लोकांना वाटलं, माझं लग्न ठरलं.

आता त्या दिवसाचं. पत्र आलं. नव्या सचिवालयात इंग्रजी कागदांचं भाषांतर करायचं काम. अर्ज मी तुमच्या सांगण्यावरून केला होता आणि कुणी बोलावणार नाही अशी खात्री धरली होती. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत. तुमचा आनंद मला बघवेना. मी म्हाताऱ्याचं कारण पुढे केलं. तुम्ही ते खोडलंत. आणि मी म्हणाले, "तुम्ही तरी कुठे गेलात? अजमेरची बढती आली तेव्हा तुम्हीही घाबरून इथंच बसलात ना?"

"घाबरून" हा शब्द मी निवडून वापरला होता. मी कमी बोलते, त्यामुळे बोलते तेव्हा माझ्याकडे शब्द तयार असतात. तुम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरलंत. एकही पान उलटलं नाहीत. तुम्ही वाचत नव्हतात हे मला दिसत होतं. चार दिवसांत आपण जेवलो, हसलो, तुम्ही मला चहात साखर कमी पडली म्हणून चिडवलंत. पण तो शब्द मी परत घेतला नाही.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. मी आणि काकू पडवीत बसलो होतो. मी तिला सांगितलं, मी काय म्हणाले होते ते.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात होते, बहिरी नव्हते."

"ते का गेले नाहीत गं अजमेरला?"

"तुझी शाळा होती ना इथं. तिकडे तशी शाळा मिळेल की नाही, कुणाला ठाऊक. आणि मला शिप्रा सोडवेना. अर्धं तुझ्या नावावर धर, अर्धं माझ्या. सगळं स्वतःकडे घेऊन रडत बसू नकोस, तेवढं मोठं काही केलेलं नाहीस."

मी काही तरी बोलायला गेले, पण तिला अजून बोलायचं होतं.

"घाबरले होते हेही खरंच. नवीन साहेब, नवीन गाव. मला रात्रभर विचारत होते, काय करू? म्हणून तर तुला पाठवायला बघत होते. आपल्याला जमलं नाही ते पोरीला जमावं, एवढंच. आणि तुला म्हाताऱ्याची काळजी लागली! तेरा दिवस बघितलंस का त्याच्याकडे?"

"नाही."

"मी पण नाही. मग?"

"हिवाळा आहे काकू, हिवाळ्यात त्याला काही लागतच नाही..."

"बघ, परत कागद वाचायला लागली," ती म्हणाली. "मी बघीन त्याला. आणि भोपाळला न्यायचा असेल तर तेही सांगून ठेवते, तो कुठेही जाणार नाही. मी एकटी राहू का इथं?"

भाऊकाका, दहा वर्षं जी बाई त्याला काटे म्हणत होती तिनं तो असा एका वाक्यात आपल्याकडे घेतला. माझ्याकडे दुसरं निमित्त नव्हतं. थोडा वेळ मी शोधलं, खरं सांगते. आईची तब्येत, भोपाळची हवा, मुलीनं एकटं राहणं. एकेक मनातच तुम्हाला सांगून बघितलं आणि तुमचा चेहरा कसा होईल ते दिसलं. मी घाबरले आहे. एवढंच खरं कारण होतं, आणि तेवढ्यानं तुम्ही मला कधी थांबू दिलं नाहीत. तुमच्यापेक्षा मी धीट आहे असं मला म्हणायचं नाही. तुमच्या पाठीमागे कुणी ढकलणारं नव्हतं. माझ्या पाठीमागे आहे.

आज सकाळी मी देवास गेटच्या तारघरात एकटी गेले. काकूनं मी येते म्हटलं नाही, मीही चल म्हटलं नाही. फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं, सोमवारी हजर होते. माझं अक्षर किरटं आहे. तारबाबूनं चष्मा वर केला, फॉर्म उजेडात धरला आणि जाळीतून मोठ्यानं विचारलं, "हजर कौन हो रहा है? आपके पिताजी?"

मागं रांग होती. सगळे ऐकत होते.

"मैं हो रही हूँ," मी म्हणाले.

"अच्छा! भोपाल में कौन है आपका?"

"अभी तो कोई नहीं."

ते मी इतकं मोठ्यानं म्हणाले की रांगेतला एक माणूस हसला. मग तारबाबू हसला. मग, भाऊकाका, मीही.